लांब पल्ल्याच्या ट्रकवर चालक म्हणून जावे का? प्रत्यक्ष परिस्थिती जाणून घ्यायची आहे

निफाडचा_पिकअपवाला

नमस्कार. मी निफाड तालुक्यात राहतो. बारावीनंतर घरची शेती पाहतो आणि हंगामात पिकअपने गावातील कांदा व टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत पोहोचवतो, त्यामुळे हलक्या वाहनाचा परवाना आणि गाडीवरचा हात दोन्ही आहेत. तेथील ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांनी अवजड वाहनाचा परवाना काढून घेतल्यास दिल्ली आणि कोलकाता मार्गावर बाराचाकी ट्रक देण्याची तयारी दाखवली आहे. महिन्याचा ठरावीक पगार, रोजचा भत्ता आणि ट्रिपसाठी ठरवून दिलेल्या डिझेलमधून जे वाचेल ते चालकाचे, असे बोलणे झाले आहे. वडिलांचा ठाम विरोध आहे. लाइनवर गेलेला माणूस घरच्या कामाचा राहत नाही, एवढेच ते म्हणतात आणि विषय संपवतात.

ज्यांनी हे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे: हातात खरोखर किती पडते, घरी येणे किती होते, अपघात झाल्यास चालकाचे काय होते, आणि होकार देण्यापूर्वी मालकाकडून कोणत्या गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात?

---

चौदाचाकी

तुम्ही बरेच विचारले आहे, पण ज्यावर सगळे अवलंबून आहे ते राहिले: गाडी उभी असताना भत्ता मिळतो का?

नाशिकहून धुळे, जळगाव, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असे जुन्या सहा नंबर हायवेने कोलकाता साधारण १,८०० किलोमीटर पडते. एकटा चालक दिवसाला ४०० ते ४५० किलोमीटर कापत असेल तर ती बरी चाल समजावी, म्हणजे जायला चार-पाच दिवस लागतात आणि या दिवसांबद्दल फारशी तक्रार करण्यासारखे काही नसते, कारण गाडी चालू असते, भत्ता चालू असतो आणि डोक्याला एकच काम असते. खरा प्रश्न शहराच्या वेशीवर सुरू होतो. दिवसा अवजड वाहनांना नो एन्ट्री, म्हणून रात्रीची वाट पाहायची. आत गेल्यावर आपल्या आधी लागलेल्या गाड्या रिकाम्या होईपर्यंत थांबायचे. हमाल आले तर व्यापारी नाही आणि व्यापारी आला तर हमाल जेवायला गेलेले. गाडी रिकामी झाल्यावर परतीचे भाडे मिळेपर्यंत दलालाच्या ऑफिसबाहेर थांबायचे, आणि ते भाडे दोन दिवसांत मिळेल की आठ दिवसांत, हे कोणीच सांगू शकत नाही. पुष्कळ मालक उभ्या दिवसांचा भत्ता निम्मा देतात, काही तर देतच नाहीत, आणि चालकाचे जेवण, अंघोळ, शौचालय यांचा खर्च मात्र उभ्या दिवशी जास्त होतो, कारण ढाब्यावर जेवले की गाडी फुकट लावता येते तशी सोय शहरात नसते.

कांद्याच्या गाडीत थांबण्याचा आणखी एक अर्थ आहे. उन्हाळ कांदा थोडी दिरंगाई सोसतो, लाल कांदा सोसत नाही. ताडपत्रीखाली वाफ धरली की गोणी खालून ओल्या होतात, फाळक्याच्या फटीतून तपकिरी पाणी ठिबकू लागते आणि त्या वासात केबिनमध्ये झोपावे लागते. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २०२० रोजी कांद्याची निर्यात अचानक बंद केली तेव्हा बांगलादेश सीमेवर पेट्रापोल आणि घोजाडांगा येथे कांद्याचे ट्रक दिवसेंदिवस अडकून पडले होते. अशा वेळी माल व्यापाऱ्याचा असतो, गाडी मालकाची असते आणि त्या दोघांचे फोन घेणारा चालक असतो. घट निघाली की ती भाड्यातून कापली जाते, आणि त्यातील किती भाग चालकाच्या माथी मारायचा हे मालकाच्या स्वभावावर ठरते, म्हणून हेही आधी विचारून ठेवावे.

कागदपत्रांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ताज्या कांद्याला ई-वे बिल (मालवाहतुकीचे जीएसटीचे ऑनलाइन पत्रक) लागत नाही, त्यामुळे जाताना चालक निर्धास्त असतो; परतीच्या मालाला मात्र सहसा ते लागते आणि त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशा हिशेबाने धरली जाते. पाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी) तुटून गाडी वाटेत उभी राहिली तर मुदत संपण्याआधीच ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला कळवून वाढवून घ्यायची असते. ते राहिले तर तपासणीत गाडी अडते आणि पुन्हा थांबणे आले.

हातात किती पडते याचे एकच उत्तर नाही. माझ्या ओळखीतील लांब पल्ल्याच्या चालकांना पगार आणि भत्ता मिळून महिन्याला २० ते ३० हजारांच्या आसपास मिळतात, पण वाटेतील स्वतःचा खर्च वजा केल्यावर घरी जाणारी रक्कम बरीच खाली येते. घरी येण्याबद्दल म्हणाल तर परतीचे भाडे थेट नाशिकचे मिळाले तर येणे होते. हैदराबादचे किंवा अहमदाबादचे मिळाले तर गाडी तिकडे जाते आणि तुम्हीही.

---

कळंबोलीकर

मी छोटा मालक आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टींशी सहमत आहे. फक्त उभ्या दिवसाचा भत्ता मालक कंजूष असतो म्हणून कापला जातो, हे पूर्ण खरे नाही. भाडे ठरते तेव्हा काही रक्कम आगाऊ मिळते आणि उरलेली पोच पावती परत आल्यावर, म्हणजे कधी महिन्याने तर कधी त्याहून उशिरा. डिझेल, टोल, टायर आणि बँकेचा हप्ता मात्र उधारीवर थांबत नाहीत. गाडी चार दिवस व्यापाऱ्याच्या दारात उभी राहिली तर त्याचे पैसे व्यापाऱ्याने द्यायला हवेत, पण दलाल ते मागू देत नाही, कारण त्याला तोच व्यापारी उद्याही हवा असतो. हमाली आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, यांचेही तसेच आहे. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा जुनी आहे, पण गोदामाच्या दारात रात्री दोन वाजता ती म्हणून पाहा. तरीही चालकाचा भत्ता कापणे चुकीचे आहे, कारण त्या साखळीत ज्याच्याकडून कोणाला काहीच वसूल करता येत नाही असा तोच एक असतो.

तुमच्या प्रस्तावातील मला न आवडलेला भाग डिझेलचा आहे. वाचेल ते चालकाचे, ही पद्धत ऐकायला न्याय्य वाटते, परंतु तिच्यामुळेच माणूस उतारावर गाडी न्यूट्रल करतो. भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये उतरवली की इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ब्रेकचे ड्रम तापतात आणि घाटाच्या तळाशी, जिथे ब्रेक सर्वांत जास्त लागतो, तिथेच तो पकडत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार यासाठीच बदनाम झाला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे एका ट्रकने एकाच वेळी किती गाड्या चिरडल्या होत्या ते बातम्यांमध्ये सर्वांनी पाहिले. ज्या गियरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गियरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आहे. आमच्याकडे म्हणून डिझेल प्रत्यक्ष लागेल तेवढे देतो. तुमच्या मालकांना अ‍ॅव्हरेज किती धरले आहे ते विचारा आणि त्याच गाडीवरील आधीच्या चालकाला ते प्रत्यक्षात पडत होते का, याची चौकशी करा. न पडणारे अ‍ॅव्हरेज ठरवून फरक पगारातून कापणारेही आहेत.

ओव्हरलोडबद्दलही स्पष्ट बोलून घ्या. २०१८ मध्ये केंद्राने भारमर्यादा वाढवली, दहाचाकीची एकूण मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली, तरी जास्तीचा माल भरण्याची सवय गेलेली नाही. दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे. दंड मालक भरतो हे खरे, पण वजनकाट्यावर गाडी अडली की जास्तीचा माल उतरवेपर्यंत तिथे बसून राहतो तो चालक.

जाता जाता एक सांगतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. तुम्हाला मिळणारी बाराचाकी त्याआधीची असेल तर मे महिन्यातील विदर्भ तुम्हाला इंजिनाच्या उष्णतेसह अनुभवावा लागेल.

---

वकील_अहिल्यानगर

अपघाताच्या प्रश्नापुरते लिहितो. निष्काळजीपणाने वाहन चालवून मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पोलिसांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद कलम १०६(२) मध्ये आहे. जानेवारी २०२४ मधील चालकांचा संप याच तरतुदीविरुद्ध होता, आणि संहिता १ जुलै २०२४ पासून लागू करताना हे उपकलम वगळून ठेवण्यात आले. याचा अर्थ पळून जाणे माफ आहे असा कोणी घेऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना माहिती देणे हे चालकाचे कर्तव्य आहेच. त्याच कलमाने जमावाच्या क्षोभामुळे मदत करणे शक्य नसल्यास सूट दिली आहे, त्यामुळे जिवाला धोका असेल तर घटनास्थळापासून दूर होऊन थेट जवळचे पोलीस ठाणे गाठावे आणि वाटेतच ११२ वर फोन करावा. त्या फोनची नोंद पुढे उपयोगी पडते.

कामाच्या तासांबाबत १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, लांब पल्ल्यासाठी दहा तासांपर्यंत मुभा होती आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक होती. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांसाठी होता आणि आपल्याकडील बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे आहेत. त्यामुळे ही मर्यादा कायद्याच्या पुस्तकात ठळक आणि महामार्गावर अदृश्य राहिली. तुम्ही ती स्वतःपुरती पाळायची म्हटले तर माल पोहोचवण्याच्या ठरलेल्या वेळेत ती बसते का, हे मालकाला विचारावे लागेल.

परवान्याबाबत इतकेच की, हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना असणे आणि वयाची वीस वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ मधील निकालानुसार ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन तुमच्या आताच्या परवान्यावरही चालवता येते, म्हणजे थेट बाराचाकीवर उडी मारण्याआधी मधली पायरी उपलब्ध आहे.

---

धुळ्याची_लेक

माझे वडील मुंबई-आग्रा महामार्गावर अनेक वर्षे ट्रक चालवत होते, त्यामुळे तुमच्या वडिलांचे म्हणणे मला समजते, जरी ते अर्धेच खरे असले. आमचे वडील घरचे होते. फक्त ते कधी येतील हे आईला ठरवता येत नसे, आणि म्हणून बँक, शाळा, दवाखाना, शेताची नांगरणी हे सारे निर्णय तिने एकटीने घेतले. त्यांना मधुमेह झाला तेव्हा डॉक्टरांनी वेळेवर जेवायला सांगितले, आणि सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात गाड्यांची रांग लागली असेल तर ते सांगणे कसे पाळायचे, असे ते आम्हालाच विचारत. डोळ्यांची तपासणी मात्र त्यांनी फार उशिरा केली. चष्मा लागला असे कळले तर मालक गाडी देणार नाही, अशी त्या पिढीतील चालकांना भीती वाटत असे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगते. पगार रोख न घेता खात्यात घ्या आणि ते खाते घरातील कोणासोबत तरी संयुक्त ठेवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, ते घ्याच, पण तेवढ्यावर विसंबू नका: गाडीच्या विमा पॉलिसीत पगारी चालकाचे दायित्व समाविष्ट आहे का, हे पॉलिसीची प्रत मागून स्वतः वाचा. प्रत दाखवायला टाळाटाळ झाली तर काय समजायचे ते तुम्हाला कळेल.

---

निफाडचा_पिकअपवाला

सर्वांचे मनापासून आभार. उभ्या दिवसाचा भत्ता, धरलेले अ‍ॅव्हरेज आणि पॉलिसीची प्रत या तीन गोष्टी उद्याच विचारतो. चौदाचाकी यांना एकच विचारायचे आहे: परवाना आणि प्रशिक्षणावर खर्च करण्याआधी हे काम आपल्याला झेपेल की नाही, हे कसे तपासावे? आणि पुढेमागे कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेण्याचा विचार कितपत योग्य आहे?

---

चौदाचाकी

ट्रक घेण्याबद्दल कळंबोलीकरांनी अधिकाराने सांगावे. मी एवढेच म्हणेन की परतीचे भाडे कोणत्या शहरात कोणाकडून मिळते हे स्वतःला माहीत होईपर्यंत हप्ता गळ्यात बांधून घेऊ नये.

झेपते का ते पाहायचे असेल तर क्लिनर म्हणून एक पूर्ण फेरी करा, जाणे आणि येणे दोन्ही, आणि ती दिवाळीनंतर लाल कांद्याच्या हंगामात दिल्लीची करा. बऱ्याच मालकांनी खर्च वाचवण्यासाठी क्लिनर ठेवणे बंद केले आहे, त्यामुळे चालक तुम्हाला आनंदाने बरोबर घेईल. त्या दिवसांत ग्वाल्हेरच्या पुढे पहाटे धुक्यात पुढच्या गाडीचा मागचा दिवाही दिसत नाही, दिल्लीत प्रदूषण वाढले की ट्रकांच्या प्रवेशावर निर्बंध येतात, आणि आझादपूर मंडीत भाव पडला असेल तर व्यापारी माल उतरवून घ्यायची घाई करत नाही, म्हणजे वर लिहिलेले जवळपास सगळे एकाच फेरीत भेटते. क्लिनरची कामेही करा: दर थांब्याला टायरवर लोखंडी पाइप मारून आवाज ऐका, दोरी आवळा, युरियाची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी तपासा, कारण प्रदूषणाच्या नव्या बीएस-६ निकषाच्या गाडीत युरिया संपला की इंजिन ताकद सोडते आणि जवळच्या पंपावर तो मिळेलच असे नाही. रात्री गाडी पेट्रोल पंपाच्या उजेडात लावा, डिझेलच्या टाकीच्या बाजूने झोपा आणि झाकणाला कुलूप आहे का ते झोपण्यापूर्वी हाताने पाहा.

परतीचे भाडे मिळेपर्यंत दिल्लीच्या ट्रान्सपोर्ट नगरमध्ये जे दिवस जातील त्यांत तिथल्या चालकांशी बोला, आणि तुमच्या मालकाच्या इतर गाड्यांवरील कोणी भेटला तर त्याला मागील महिन्याचा भत्ता मिळाला का, हे अवश्य विचारा. परवान्याचा खर्च त्यानंतर करा.