घरी अखंड बडबड, शाळेत ७ महिने एक शब्द नाही. आणि समुपदेशक मलाच खेळायला बसवतात

कृष्णाकाठ:

नमस्कार. आम्ही कराडला असतो, माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. लेक ४ वर्षं ८ महिन्यांची. घरी सकाळी डोळे उघडल्यापासून तिचं तोंड चालू असतं. आजीला गोष्टी रचून सांगते, दुकानातल्या हमालमामांसारखं 'सरका, सरका' म्हणत उशा वाहते.

जूनमध्ये छोट्या शिशुत घातली. तेव्हापासून शाळेत तिने एक अक्षर उच्चारलेलं नाही. आम्हाला दोन महिने पत्ताच नव्हता, कारण वर्गातली सगळी गाणी घरी हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवायची. पाण्याची बाटली रोज भरलेली परत यायची आणि आम्ही 'पाणी पीत जा' म्हणून तिलाच रागवायचो. फार उशिरा कळलं की शू लागली हे बाईंना सांगता येत नाही, म्हणून ती पाणीच पीत नव्हती. नोव्हेंबरात एकदा वर्गातच झाली. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, 'तुला तोंड नाही का?' त्या रात्री ती झोपेत सारखी दचकत होती. बायको तिच्या उशाशी बसून राहिली.

कानाची तपासणी केली, ऐकू व्यवस्थित येतं. बालरोगतज्ज्ञांनी कोल्हापूरच्या एका बालमानसतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तीन वेळा जाऊन आलो. दर वेळी ९०० रुपये, शिवाय दुकान अर्धा दिवस बंद.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. त्या बाई लेकीशी अजून नीट बोललेल्याच नाहीत. चटईवर लाकडी ठोकळे टाकले, मला तिच्यासमोर बसवलं आणि स्वतः कोपऱ्यात वही घेऊन बसल्या. मला सांगितलं, ५ मिनिटं खेळा. प्रश्न विचारायचा नाही, 'असं कर' म्हणायचं नाही, चूक दाखवायची नाही. ती करतेय तेवढंच बोलून दाखवायचं. ५ मिनिटांनी त्यांनी वही पुढे केली. मी १७ प्रश्न विचारले होते. 'हा कुठला रंग? किती झाले? हे घर आहे का?' मला वाटत होतं, मी प्रेमाने बोलतोय. लेकीने एकाचंही उत्तर दिलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आता रोज घरी ही ५ मिनिटं करायची आहेत. माझी आई म्हणते, 'तूही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हतास, बोलेल आपोआप.' बायकोचा बाईंवर विश्वास आहे. मी मध्ये अडकलोय. लहान मुलांचे उपचार असेच असतात का, की आमचा वेळ चाललाय? कुणी यातून गेलं असेल तर मनापासून सांगा.

गोदाकाठची आई, नाशिक:

दादा, तुमची पाण्याची बाटली वाचली आणि पुढचं वाचायला मला थोडा वेळ लागला. आमच्याकडे तो डबा होता. मुलगा झाकण उघडायला मदत मागू शकायचा नाही, म्हणून पोळी-भाजी तशीच परत यायची.

असेच उपचार असतात. निदान आमचे असेच होते, आणि मुलगा आता दुसरीत आहे, वर्गात हात वर करून बोलतो. मला सर्वांत अवघड गेलं ते प्रश्न न विचारणं. आपण मुलांशी दुसरं काही बोलतच नाही हो: जेवलास का, काय शिकवलं, कुणी मारलं का. 'तू लाल ठोकळा वर ठेवलास' हे वाक्य मला सुरुवातीला खुळ्यासारखं वाटायचं. दहा-बारा दिवसांनी तो मी काही न विचारताच सांगायला लागला की वर्गात त्याला कुणाची भीती वाटते.

एक कराच. ती ५ मिनिटं शिक्षा म्हणून कधी रद्द करू नका. दिवसभर हट्ट केला असला तरी ती त्याच्या हक्काची. आणि नुसतं 'छान' म्हणू नका. 'हळूच ठेवलास, म्हणून मनोरा पडला नाही' असं नेमकं सांगा.

शाळेचं काम मात्र वेगळं करावं लागतं, ते घरी खेळून आपोआप होत नाही. मुख्याध्यापिकांच्या परवानगीने आम्ही शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात जायचो, मी, तो आणि मातीचा गोळा. पहिल्या दिवशी वर्गात त्याचा आवाज ऐकला तेव्हा मला रडू आवरेना. काही दिवसांनी बाई बाहेर व्हरांड्यात वह्या तपासत बसायला लागल्या. मग दारात. मग शेजारच्या बाकावर, त्याच्याकडे न बघता. त्यांच्यासमोर तो माझ्या कानात कुजबुजला तेव्हा कुणीही 'बोलला, बोलला' केलं नाही, हे फार महत्त्वाचं. शेवटी मी पाच मिनिटं पाणी आणायला म्हणून बाहेर गेले. हे सगळं व्हायला चार महिने लागले. मध्ये दिवाळीची सुट्टी आली आणि आम्ही दोन पायऱ्या मागे गेलो. तसं झालं तर घाबरू नका.

मानसी, पुणे:

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे. मुलीला न बघता निदान करणार नाही, पण वर्णन 'सिलेक्टिव्ह म्युटिझम'शी, म्हणजे घरी बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही त्या त्रासाशी, बरंच जुळतं. १९९४ पर्यंत याला 'इलेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे मूल स्वतः ठरवून गप्प बसतं असा अर्थ निघायचा. तो शब्द बदलला, आणि २०१३ पासून मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात हा प्रकार चिंतेच्या विकारांमध्ये धरतात. तुमची लेक हट्टाने गप्प नाही. भीतीने तिचा आवाज अडतो. वर्गातल्या बाईंचा तो प्रश्न म्हणूनच इतका लागला.

चक्र असं चालतं. कुणी तिला विचारतं, ती थिजते, जवळचं माणूस कळवळून तिच्यावतीने उत्तर देतं, सगळ्यांना हायसं वाटतं. दर वेळी गप्प राहण्याची वाट थोडी आणखी मळते. हे चक्र मोठ्यांशिवाय फिरत नाही, म्हणून उपचारही मोठ्यांना शिकवावे लागतात. तुम्हाला दिलेला खेळ ज्या पद्धतीतला आहे ती शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी विकसित केली. तिथे आई-वडील मुलाशी खेळतात आणि समुपदेशक काचेपलीकडून त्यांच्या कानातल्या यंत्रात सूचना देतात. मूळ पद्धत वागणुकीच्या त्रासासाठी होती, पुढे या मुलांसाठीही तिला रूप दिलं गेलं. आठवड्याचा एक तास माझ्याकडे असतो, उरलेला सगळा आठवडा तुमच्याकडे, हेही कारण आहेच.

खेळाची सवय झाली की पुढची पायरी तुमच्या बाई सांगतीलच: 'हो-नाही'चा प्रश्न टाळून पर्याय द्यायचा, 'लाल की निळा?' मग मनात ५ पर्यंत मोजत थांबायचं. ते ५ सेकंद पालकांना फार जड जातात. मान हलवली म्हणून रागवायचं नाही, आणि तिचं उत्तर आपण द्यायचं नाही.

आजींचं 'आपोआप बोलेल' समजू शकते, कारण नवीन शाळेत पहिला महिना गप्प राहणारी मुलं पुष्कळ असतात. ७ महिने म्हणजे वाट बघायची वेळ नाही. कोल्हापूरच्या बाईंची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी आहे का, हे खुशाल विचारा, चांगल्या व्यावसायिकाला त्याचा राग येत नाही. खर्च झेपेनासा झाला तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचारांचं सरकारी केंद्र) चौकशी करा, शासनाच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत असतात. आणि तुम्हा दोघांसाठी: मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलि-मानस, १४४१६, मराठीत, चोवीस तास, मोफत. रात्रभर उशाशी बसलेल्या आईलाही कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल.

कमलआजी:

बाळा, आईला कोल्हापूरला एकदा घेऊन जा. माझ्या नातवाच्या वेळी मला कुणी काही सांगितलंच नाही. घरात सगळे नियम पाळायचे आणि मी पाहुण्यांसमोर म्हणायचे, 'अरे सांग की नाव, लाजतोस काय!' मला समजावलं असतं तर मी एका दिवसात थांबवलं असतं. वाईट वाटतं अजून.

कृष्णाकाठ:

१९ दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, आणि कमलआजींचे विशेष. आईला घेऊन गेलो. तिथे तीही चटईवर बसली आणि तिने ५ मिनिटांत ११ प्रश्न विचारले. परतताना गाडीत बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, 'आपण पोरीची रोज परीक्षाच घेत होतो की रे.' आता संध्याकाळचा खेळ तिच्याकडे आहे, रात्रीचा माझ्याकडे. माझे प्रश्न १७ वरून २-३ वर आलेत.

परवा बाजारातल्या रसवंतीवर गेलो होतो. मालकाने नेहमीसारखं विचारलं, 'लिंबू घालू का बाळा?' एरवी मीच 'घाला' म्हणतो. या वेळी मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो आणि विचारलं, 'लिंबू घालून, की बिनलिंबाचा?' आणि थांबलो. ५ म्हणालात तुम्ही, मी ९ पर्यंत गेलो. चरकाचा आवाज चालू होता. तिने माझा शर्ट धरला आणि हळू म्हणाली, 'लिंबू.' मालकालाही ऐकू गेलं. त्याने काही न बोलता लिंबू पिळलं. मी त्याला नंतर एकटा जाऊन नमस्कार करून आलो.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटलो. वर्गाच्या बाईही होत्या. शनिवारी शाळा सुटल्यावर वर्ग अर्धा तास उघडा ठेवायला तयार आहेत. शू लागली तर दाखवायला एक लाल कार्ड बाईंच्या टेबलावर ठेवलंय, आणि ते तिने सोमवारी वापरलं. काल बाटली अर्धी रिकामी आली.

शनिवारी ठोकळे घेऊन जातोय.