एआयने दाखवलेल्या पहिल्याच चित्रात मन अडकते, त्यावर उपाय काय?

भुसावळचा मुद्रक:
नमस्कार. भुसावळला आमचे लहान मुद्रणालय आहे. लग्नपत्रिका, केळीच्या वेफर्सची पाकिटे, मंडळांचे फलक ही कामे मीच संगणकावर जुळवतो. गेल्या वर्षभरापासून गिऱ्हाईक समोर बसलेले असतानाच मी एआयकडून चित्र काढून घेतो. काम लवकर होते. परंतु पूर्वी वहीत पाच-सहा कच्ची रेखाटने केल्यावर जे काही वेगळे हाती लागत असे, ते आता लागत नाही, कारण पडद्यावरचे पहिलेच चित्र इतके पूर्ण दिसते की त्यापुढे माझे डोके चालत नाही आणि गिऱ्हाईकही "हेच ठेवा" म्हणते. डिझाइनचे संशोधक या साधनांची पारख कशी करतात, हे जाणकारांनी सांगावे.

जळगावची डिझाइन-संशोधक:
दादा, हा दोष एआयच्या आधीचा आहे. समोर नमुना असला की रचनाकार त्याच्याभोवतीच फिरतो आणि त्यातल्या चुकाही नव्या आराखड्यात उतरवतो, हे जॅन्सन आणि स्मिथ यांनी १९९१ मध्येच प्रयोगांतून दाखवले होते. मेलबर्नच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ६० जणांना चॅटबॉटसाठी अवतार, म्हणजे त्याचे चित्ररूप, रेखाटायला दिला, तेव्हा चित्रे तयार करणारे एआय वापरलेल्यांच्या कल्पना, कोणताही आधार न घेतलेल्यांपेक्षा, संख्येने कमी आणि दिलेल्या नमुन्याला अधिक चिकटलेल्या निघाल्या. त्याच वर्षी दोशी आणि हाउझर यांनी लघुकथांवर केलेला अभ्यास मला अधिक अस्वस्थ करतो: एआयच्या कल्पना घेऊन लिहिलेल्या कथा एकेकट्या वाचताना सरस वाटल्या, पण एकत्र ठेवल्यावर त्या एकमेकींसारख्या होत्या. आपल्या तालुक्यातल्या लग्नपत्रिकांचे हेच होऊ शकते, आणि एकट्या मुद्रकाला ते दिसणारही नाही.

पारख करताना आम्ही केवळ अंतिम चित्र पाहत नाही. साधन सर्जनशील कामाला किती साथ देते हे मोजण्यासाठी चेरी आणि लाटुलिप यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या निर्देशांकात निरनिराळे पर्याय धुंडाळता आले का, मनातले मांडता आले का, कामात तल्लीन होता आले का, असे सहा पैलू आहेत. मी स्वतः माणसाशेजारी बसून तो कुठे थांबतो, काय खोडतो, हे टिपते, कारण खोडण्याची जागाच न ठेवणारे साधन कितीही सुबक चित्र देवो, ते विचाराला मदत करत नाही असे माझे ठाम मत आहे. म्हणून आधी वहीतली रेखाटने करावीत आणि एआयकडे पूर्ण पत्रिका न मागता एखादी किनार किंवा रंगसंगती तेवढी मागावी.

धुळ्याचा कलाशिक्षक:
ताईंच्या म्हणण्यात एक भर घालतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. तिच्या फलकासाठी मी एआयकडे चित्र मागितले, तर मुकुट घातलेली, सिंहावर बसलेली देवी आली. आपली कानबाई नारळाच्या रूपात, दागिन्यांनी सजलेली असते. वर्णन वाढवत गेलो तरी तो साचा सुटेना. शेवटी घरच्या कानबाईचे छायाचित्र समोर ठेवून विद्यार्थ्यांकडून रेखाटने करून घेतली. फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून तिथली सजावट उभी केली होती. साहित्य आधी हाताळले की रचना त्यातून सुचते, हे मी वर्गात याच उदाहरणाने सांगतो.

भुसावळचा मुद्रक:
दोघांचाही आभारी आहे. या आठवड्यात एका पत्रिकेची चार रेखाटने हाताने केली आणि एआयकडून फक्त किनार घेतली. वधूच्या वडिलांनी तिसरे रेखाटन निवडले, जे मी स्वतः बाजूला ठेवणार होतो. मात्र त्याला दीड तास जास्त लागला आणि लग्नसराईत तो कुठून काढायचा, हे अजून सुटलेले नाही.

जळगावची डिझाइन-संशोधक:
ती चारही रेखाटने, नाकारलेल्यांसह, जपून ठेवा. पुढच्या गिऱ्हाईकासमोर तीच वही उघडली, तर त्या दीड तासातला बराच वेळ वाचेल. आपली हरकत नसेल, तर लग्नसराई संपल्यावर मी भुसावळला येऊन आपल्या शेजारी बसून हे काम पाहू इच्छिते.