मदत हवी आहे: स्वतःचं दुखणं चित्रात आणायला प्रतीक कसं शोधता?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. कमरेला अजून पट्टा आहे. आता स्वतःचं चित्र काढायला घेतलंय आणि अडले आहे.

मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो डोळ्यांसमोरून हलत नाही. १९२५ साली मेक्सिको सिटीत तिच्या बसला ट्रामची धडक बसली, तेव्हा ती १८ वर्षांची होती. १९४४च्या ‘भग्न स्तंभ’ या तिच्या चित्रात कण्याच्या जागी तडे गेलेला दगडी खांब आहे, अंगभर खिळे, गालांवर अश्रू, पण नजर थेट आपल्यावर. ‘दोन फ्रीडा’त (१९३९) एक पांढऱ्या युरोपीय पोशाखात, दुसरी मेक्सिकोतल्या तेवाना वेशात, आणि दोघींची हृदयं एकाच रक्तवाहिनीनं जोडलेली. दुखणं आणि ‘मी कोण’ वेगळं करताच येत नाही.

मी खांब काढला तर ती तिची नक्कल होईल. माझ्या मनात आजोळची तुळई येते. वाळवी लागलेली, तरी माळा तोलून धरणारी. वर आईच्या इरकलीचा काठ गुंडाळावा असं वाटतं. पण काठ नुसता शोभेचा दिसेल का? तुळई माझी पाठ आहे हे बघणाऱ्याला कळेल, की शेजारी शरीर दाखवावंच लागेल?

आणखी एक. मला वीस मिनिटांच्या वर बसवत नाही. फ्रीडासाठी पलंगावर खास ईझल (चित्र टेकवायची चौकट) बसवलं होतं, वर आरसा होता. तसं काही कुणी घरच्या घरी सुताराकडून करून घेतलंय का? आडवं पडून रंगवताना ॲक्रिलिक बरं की तैलरंग?