मदत हवी आहे : खाडीतला पांढरा पक्षी समुद्र बगळा की छोटा बगळा?

खाजणवाट :
नमस्कार. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी एक काळपट समुद्र बगळा आणि त्याच्या जवळच एक पांढरा बगळा चरताना दिसला. पांढराही समुद्र बगळाच असावा असे मला वाटते, परंतु पक्षीगणनेच्या समन्वयकांनी तो छोटा बगळा म्हणून नोंदवण्यास सांगितले आहे. यादी उद्या सकाळी पाठवायची असल्यामुळे कृपया लवकर आणि नेमके उत्तर द्यावे.

पाणथळ :
ज्यावरून निर्णय होतो तेच आपण लिहिलेले नाही. चोचीचा रंग कोणता होता, ती किती जाड होती आणि पायांचा पिवळा रंग कुठपर्यंत चढला होता? शेजारी काळपट पक्षी होता एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण छोटे बगळेही त्याच चिखलात उतरतात.

रानवेडा :
काळा नर आणि पांढरी मादी अशी ही जोडी असणार, यात शंका नको.

पाणथळ :
रानवेडा, तसे मुळीच नाही. गडद आणि पांढरी ही एकाच जातीची जन्मजात रूपे असून दोन्हींत नर आणि मादी असतात. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जवळजवळ सगळे पक्षी गडदच असतात, तर तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या उपजातीत पांढरे पुष्कळ आढळतात. काही पांढऱ्या पक्ष्यांच्या अंगावर विखुरलेली राखाडी पिसेही असतात. तसे दिसले असल्यास अवश्य कळवावे.

भरतीओहोटी :
समुद्र बगळ्याची नेमबाजी हा खरा अभ्यासाचा विषय आहे. प्रकाशकिरण वाकल्यामुळे पाण्यातला मासा आहे त्यापेक्षा वर दिसतो, तरीही हा पक्षी अचूक चोच मारतो. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या कात्झीर आणि इन्ट्रेटर यांच्या अभ्यासात असे दिसले, की हल्ल्यापूर्वी तो माशाची दिसणारी खोली आणि डोळ्याची उंची यांचा ठरावीक मेळ साधतो. आपला पक्षी मान तिरकी करून थांबत होता का?

खाजणवाट :
माझा प्रश्न ओळखीचा आहे. चोच पिवळसर तपकिरी, जाड आणि टोकाशी किंचित खाली झुकलेली होती. पावले पिवळी होती आणि तो पिवळेपणा नडगीवरही थोडा वर गेला होता. पंख अर्धवट उघडून तो उथळ पाण्यात धावत सुटे, मध्येच थबकून एक पाय चिखलात थरथरवी आणि बाहेर उसळलेली निवटी (चिखलात राहणारे छोटे मासे) टिपत असे.

रानवेडा :
पिवळी चोच असेल, तर तो मध्यम बगळा आहे.

पाणथळ :
मध्यम बगळ्याची पावले काळी असतात, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

कांदळवन :
चोचीवर एवढा भरवसा ठेवणे मला धोक्याचे वाटते. छोट्या बगळ्याच्या पिल्लांची चोचही सुरुवातीला फिकट असते, धावून शिकार तोही करतो आणि या दोन जातींचे संकर झाल्याच्या नोंदी आहेत. खात्री नसताना जातीचे नाव लिहिणे मला योग्य वाटत नाही.

पाणथळ :
संकराचा मुद्दा मान्य आहे, परंतु पिल्लाची चोच फिकट असली तरी बारीक आणि सरळच असते. चोचीची जाडी, तिचा झुकाव आणि नडगीवर चढलेला पिवळा रंग या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर केवळ पांढऱ्या रंगामुळे पक्ष्याला छोटा बगळा ठरवणे चूक आहे. खाजणवाट, यादीत 'समुद्र बगळा, पांढरे रूप' असे लिहा, शेऱ्यात हे सर्व वर्णन द्या आणि बाजूने घेतलेले चोचीचे छायाचित्र असल्यास तेही जोडा.

खाजणवाट :
छायाचित्र आहे, पण त्यात चोचीचे टोक पाण्यात आहे. वर्णनासह तीच नोंद पाठवत आहे.

कांदळवन :
शेऱ्यात संकराची शक्यताही एका वाक्यात लिहावी, एवढी माझी विनंती आहे.