ट्रॅप चालतो, पण उशिरा

काही जण म्हणतात की बॅशमध्ये (लिनक्सवर आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ट्रॅप (सिग्नल, म्हणजे थांबण्याचा इशारा, आला की काय करायचं ते सांगणारी आज्ञा) लावूनही स्क्रिप्ट थांबत नाही, म्हणून सरळ किल -९ (जबरदस्तीने बंद करणारी आज्ञा) मारावा. कृपया असं करू नका. ९ नंबरचा सिग्नल स्क्रिप्टला पकडताच येत नाही, आवराआवरीची संधीच मिळत नाही. सांगलीत एका हळद व्यापाऱ्याकडे सौद्यांचे दर गोळा करणारी माझी स्क्रिप्ट आहे. तिथे कुणीतरी हेच केलं. दरांची फाइल अर्धवट, लॉक फाइल (स्क्रिप्ट आधीच चालू असल्याची खूण) तशीच. दुसऱ्या दिवशी सौदे सुरू झाले तरी स्क्रिप्ट चालू होईना.

खरी गोम वेगळीच आहे. समोर स्लीप ३०० (३०० सेकंद थांबायची आज्ञा) चालू असताना टर्म, म्हणजे १५ नंबरचा सिग्नल आला, तर बॅश ट्रॅप चालवतं ते स्लीप संपल्यावरच. म्हणून स्लीपच्या शेवटी अँपरसँड (&) लावून तो मागे, म्हणजे बॅकग्राउंडला, टाका आणि पुढच्या ओळीत वेट (मागचं काम संपेपर्यंत थांबायची आज्ञा) लिहा. सिग्नल येताच वेट परततं आणि ट्रॅप लगेच चालतो. स्लीपचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) डॉलर-उद्गारचिन्हातून ($!) आधीच जपून ठेवा आणि ट्रॅपमध्ये त्यालाही मारा (हे बहुतेक जण विसरतात), नाहीतर तो पाच मिनिटं अनाथ पडून राहतो. ट्रॅपच्या शेवटी एक्झिटही हवं, नसेल तर स्क्रिप्टमधला लूप (तेच काम परत परत करणारा भाग) पुन्हा सुरू.