चाळीस हजारांच्या स्विचने तंबोऱ्याची जवारी खुलते?

काळी चार
ज्या पोस्टमुळे हे लिहितोय ती थोडक्यात अशी: घरातला साधा नेटवर्क स्विच (राउटरची तार अनेक उपकरणांना वाटणारा डबा) काढून चाळीस हजारांचा ‘ऑडिओफाइल’ स्विच आणि बारा हजारांची लॅन केबल लावली की तंबोऱ्याची जवारी (तारेचा भरदार गुंजणारा नाद) खुलते, आणि नवीन लोकांनी डॅकच्या (डिजिटल गाण्याचं ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर करणाऱ्या पेटीच्या) आधी हेच घ्यावं. हे शेवटचं वाचून डोकं फिरलं. एखादा पोरगा साठ हजार साठवतो, त्यातले बावन्न इथेच गेल्यावर तो स्पीकर कसले घेणार?

अहो, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ स्टीरिओ म्हणजे अजिबात कॉम्प्रेस न करता सव्वानऊ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घालवता लहान केलेल्या फाइलीत, त्याहून बरंच कमी. जुनं १०० एमबीपीएसचं पोर्टसुद्धा ते आरामात पेलतं. डेटाचं पॅकेट बिघडलं तर चेकसमला, म्हणजे सोबत आलेल्या पडताळणीच्या आकड्याला, सापडतं, टाकलं जातं, पुन्हा मागवलं जातं. गाणं चालू असताना लॅनची पिन उपसून बघा. काही सेकंद, कधीकधी अख्खं गाणं तसंच वाजत राहतं, कारण ते आधीच स्ट्रीमरच्या (नेटवरून गाणं वाजवणाऱ्या यंत्राच्या) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, येऊन बसलेलं असतं. तेवढ्या वेळात आवाज बदलला का ते सांगा.

ध्वनिवेडा
ती पोस्ट माझी. बिट तेच येतात हे मला शिकवू नका. प्रश्न तारेतून बिटांबरोबर येणाऱ्या इलेक्ट्रिकल नॉइजचा आहे, स्वस्त स्विचचे अडॅप्टर किती घाण सोडतात ते स्कोपवर (विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसतं. माझ्या वडिलांचे कान रेडिओवर गाणं ऐकून तयार झालेत, त्यांना न सांगता स्विच बदलला तर म्हणाले, आज तंबोरा पुढे आलाय. आता बोला.

काळी चार
नॉइज तारेतून येत असेल तर तार उपसल्यावर आवाज आणखी स्वच्छ व्हायला हवा. होतो का? आणि वडिलांना न सांगता उलटसुलट किती वेळा करून पाहिलंत, की एकदाच?

ध्वनिवेडा
त्यांची परीक्षा घ्यायला मी बसलेलो नाही. इथे कोणी काही चांगलं ऐकलं म्हटलं की लगेच आकडे तोंडावर फेकायचे, ही पद्धतच झालीय.

ठाणेकर
दोघंही जरा थांबा. आमच्याकडे स्पीकरमधून सतत घूंऽऽ यायचं. कॅट ७ शिल्डेड (धातूचं वेष्टण असलेली) लॅन केबल, दोन्ही टोकांना मेटलचे प्लग, राउटर बेडरूमच्या सॉकेटवर, स्ट्रीमर आणि अँप हॉलच्या वेगळ्या लाइनवर, आणि बिल्डिंगचं अर्थिंग कधी कोणी तपासलेलंच नाही. शिल्डमधून ग्राउंड लूप होत होता, म्हणजे दोन जागच्या अर्थिंगमध्ये करंट फिरत होता. बिनशिल्डची कॅट ६ लावली आणि घूं बंद.

काळी चार
बरं, तारेतून आवाजात घाण शिरू शकते, हे मान्य. पण उपाय काय निघाला? महाग केबल काढून स्वस्त लावणे. इथरनेटच्या (लॅनच्या) पोर्टात आयसोलेशनचा, म्हणजे विजेचा थेट संबंध तोडणारा, ट्रान्सफॉर्मर असतोच, शिल्ड जोडून त्यालाच वळसा घातला जातो.

मिरजकर
जवारी जवारी करताय, पण ऐकताय काय? ७८च्या तबकड्या डिजिटल करताना खरखर काढायला असं सॉफ्टवेअर फिरवलंय की तंबोराच धुऊन निघालाय. आमच्या गल्लीत तंबोरे होतात. घोडी घासून झाली की कारागीर तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवत राहतो, आणि एका जागी तार एकदम बोलते. ते बारीक वरचे स्वर आणि तबकडीची खरखर यांतला फरक सॉफ्टवेअरला कळत नाही. त्यात त्या तबकड्यांवर सात-आठ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच, त्याला १९२चं लेबल लावून काय होणार?

आसावरी
अजिबात पटलं नाही. मी गाणं शिकवते. खरखरीसकट तबकडी लावली की मुली मिनिटभरात बंद करतात. साडेतीन मिनिटांत गाणाऱ्या बाईंनी अख्खा राग मांडलाय तो त्यांच्या कानावर पडणारच नसेल तर तुमचा शुद्ध तंबोरा कोणासाठी?

मिरजकर
खरखरीला कान सरावतो हो, दोन-तीन तबकड्या लावा सलग. कापून टाकलेला तंबोरा कुठून आणणार? आणि तंबोऱ्याशिवाय त्या मुली सूर कशाला लावणार, हे तुम्हीच सांगा बाई.

आसावरी
दोन्ही आवृत्त्या ठेवाव्यात कंपन्यांनी, एवढं मान्य करते. मुलींना मात्र साफ केलेलीच ऐकवणार.

ध्वनिवेडा
मिरजकरांशी शंभर टक्के सहमत. मल्लिकार्जुन मन्सूरांची एकच तबकडी मी दोन ठिकाणी ऐकली, एकीत गळ्याला धार आहे, दुसरीत कांबळं पांघरून गायल्यासारखं.

काळी चार
आणि तो फरक ऐकायला कुठलाही स्विच लागला नाही.

पूर्वेचा रहिवासी
माझा प्रश्न राहिलाच. माझं गाणं वाय-फायवर तुटतं, आरसीसी भिंती, राउटर पार दुसऱ्या टोकाला. काय घेऊ?

ठाणेकर
स्ट्रीमर वाय-फायच्या २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यावर असणार. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्खी बिल्डिंग त्यावर बसलेली. ५ गीगाहर्ट्झ दोन भिंतींत दम सोडतं. मेश (घरभर ठेवलेले, एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे डबे) घेतलात तरी त्या डब्यांच्या मध्ये तार असेल तर मजा. त्यापेक्षा टीव्ही केबलच्या पाइपातून कॅट ६ ओढून घ्या, लाइटच्या पाइपातून नको. पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच हजार-दीड हजारात येतो.

ध्वनिवेडा
तार ओढा, हे माझंही मत. माझा स्विच मात्र मी काढणार नाही.

काळी चार
ठेवा की. पोस्टमधलं ‘डॅकच्या आधी’ तेवढं काढा.

ध्वनिवेडा
‘सगळं झाल्यावर पैसे उरले तर’ असं करतो. वडिलांचं वाक्य राहणार.