'स्टार वॉर्स' मालिकेतील चित्रपटांचा गुणानुक्रम कसा लावावा आणि पाचच पाहायचे असतील तर कोणते?

रविवारचा_पडदा (राजारामपुरी, कोल्हापूर)

सप्रेम नमस्कार. आमचा एक छोटा गट आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमून चित्रपट पाहतो आणि नंतर चहाबरोबर त्यावर चर्चा करतो. गटात प्रभातचे जुने बोलपट तोंडपाठ असलेले दोन सेवानिवृत्त शिक्षक आहेत आणि महाविद्यालयात शिकणारी मुलेही आहेत. यंदा मुलांच्या आग्रहावरून 'स्टार वॉर्स' ही अंतराळ-साहसाची मालिका घ्यायचे ठरले आहे. १९७७ ते २०१९ या काळात मुख्य कथेचे नऊ आणि तिला जोडून दोन असे प्रत्यक्ष नटांचे अकरा चित्रपट आले. गणेशोत्सवापूर्वी आम्हाला मात्र पाचच बैठका जमतील असे दिसते.

मी स्वतः सगळे भाग पाहिले आहेत, पण निवड करताना माझी आवड इतरांवर लादली जाऊ नये असे वाटते. इंटरनेटवर क्रमवाऱ्या हव्या तितक्या मिळतात, परंतु एखादा भाग वरच्या किंवा खालच्या क्रमांकावर का ठेवला, याचे कारण त्यांत क्वचितच असते. म्हणून जाणकारांनी क्रमाबरोबर आपली कसोटीही सांगावी, आणि चित्रपट प्रदर्शनाच्या क्रमाने दाखवावेत की कथेतील काळाच्या क्रमाने, यावरही मत द्यावे. ही चर्चा गटातील मंडळींनाही वाचायला देणार असल्यामुळे कथेतील मोठे रहस्य कृपया उघड करू नये.

पडद्यामागचा (शाहूपुरी)

आपण कसोटी विचारलीत हे बरे झाले. या मालिकेवरचे निम्मे वाद खरे तर वयाचे असतात. ज्याने जो भाग शाळकरी वयात पाहिला, तोच त्याला थोर वाटत राहतो. माझ्या कसोट्या दोन आहेत. मागचापुढचा संदर्भ काढून घेतला तरी चित्रपट आपल्या पायावर उभा राहतो का, आणि पात्रांनी घेतलेल्या निर्णयांची किंमत त्यांना खरोखर मोजावी लागते का.

पहिला क्रमांक मी १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'ला देतो. पहिल्या चित्रपटाच्या अफाट यशानंतर मालिकेचे जनक जॉर्ज लुकस यांनी दिग्दर्शन आयर्विन कर्शनर यांच्याकडे सोपवले. पटकथेचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या अनुभवी लेखिकेने केला, परंतु १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढचे काम लॉरेन्स कॅस्डन यांनी हाती घेतले. एरवी साहसपटात मोठी लढाई शेवटी येते. इथे ती सुरुवातीलाच, बर्फाच्या मैदानावर होऊन जाते. नॉर्वेतील फिन्से येथे तिच्यासाठी केलेले चित्रण आजही अंगावर थंडी आणते. त्यानंतर कथा रुंद होण्याऐवजी आक्रसत जाते, मित्र एकमेकांपासून तुटतात, नायक अर्धवट शिक्षण सोडून निघतो आणि त्याची शिक्षा त्याला भोगावी लागते. सर्वांत धाडसाची गोष्ट म्हणजे नायकाचा गुरू ही एक बाहुली आहे. फ्रँक ऑझ यांनी तिला हात आणि आवाज दिला, आणि मार्क हॅमिल यांनी तिच्यासमोर इतक्या श्रद्धेने अभिनय केला की काही मिनिटांत आपणही तिचे शिष्य होऊन बसतो. शेवटच्या द्वंद्वातील रहस्य चित्रणस्थळी फुटू नये म्हणून तो संवाद प्रत्यक्ष चित्रणात वेगळाच बोलवून घेतला होता आणि खरी ओळ नंतर ध्वनिमुद्रणात घातली गेली, एवढेच सांगून थांबतो.

दुसरा अर्थातच १९७७ चा मूळ चित्रपट. तिसरा २०१६ चा 'रोग वन'. त्याचा पहिला तास विस्कळीत आहे आणि एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर होणारी धावपळ कंटाळवाणी आहे हे मान्य करूनही मी त्याला इतके वर ठेवतो, कारण ज्यांची नावे इतिहासात उरणार नाहीत अशा माणसांची ती गोष्ट आहे आणि ती शेवटपर्यंत प्रामाणिक राहते. त्यात १९९४ मध्ये दिवंगत झालेले नट पीटर कुशिंग यांचा चेहरा संगणकाने पुन्हा उभा केला आहे. तो मला खटकतो, आणि आपल्या गटात त्यावर जरूर चर्चा घडवावी.

चौथा १९८३ चा 'रिटर्न ऑफ द जेडाय'. यात दोन चित्रपट एकत्र शिवले आहेत. सम्राटाच्या दालनातील प्रसंग या मालिकेतील उत्तम नाट्य आहे, तर जंगलातील केसाळ बुटक्यांची लढाई बालनाट्यात शोभली असती. पाचवा २००५ चा 'रिव्हेंज ऑफ द सिथ'. संवाद लाकडी आहेत, पण शोकांतिकेचा चढ चुकलेला नाही. त्यानंतर 'द लास्ट जेडाय', 'द फोर्स अवेकन्स', 'द फँटम मेनेस', 'सोलो', 'अटॅक ऑफ द क्लोन्स' आणि तळाला 'द राइज ऑफ स्कायवॉकर'. आधीच्या भागाने मांडलेले प्रश्न सोडवण्याऐवजी पुसून टाकणाऱ्या या शेवटच्या चित्रपटाबद्दल अधिक लिहिण्याची इच्छा नाही.

रंगपेटी (मंगळवार पेठ)

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे, परंतु लेखकाने स्वतःची पहिली कसोटी स्वतःच मोडली आहे. संदर्भाशिवाय उभा राहणारा चित्रपट हवा असेल तर 'एम्पायर' पहिला येऊच शकत नाही, कारण त्याला आरंभ नाही आणि शेवटही नाही. तो दोन चित्रपटांमधला उत्कृष्ट पूल आहे. १९७७ च्या चित्रपटाच्या पुढेमागे काहीही आले नसते तरी तो पूर्णच राहिला असता. माझ्या मते पहिला क्रमांक निर्विवादपणे त्याचा आहे.

आपल्या गटातील शिक्षक मंडळींना एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण कोल्हापूरकरांना ती चटकन पोहोचेल. बाबूराव आणि आनंदराव पेंटर हे बंधू चित्रपटात येण्यापूर्वी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते, आणि परदेशी यंत्रसामग्रीच्या भरवशावर न राहता कॅमेरा इथेच तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. लुकस यांच्यापुढेही वेगळ्या काळातील तशीच अडचण होती. त्यांना हवी तशी अंतराळातील दृश्ये करून देणारी तयार व्यवस्था कुठेच नव्हती, म्हणून १९७५ मध्ये त्यांनी 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' ही संस्था काढली आणि जॉन डिक्स्ट्रा यांच्या देखरेखीखाली नवी कॅमेरा-यंत्रणा बनवून घेतली. यानाची प्रतिकृती स्थिर ठेवायची आणि कॅमेरा हलवायचा, शिवाय तीच हालचाल यंत्राने तंतोतंत पुन्हा पुन्हा करून घ्यायची, ही त्यामागची युक्ती होती. त्यामुळे यान, त्याचे दिवे आणि मागचे तारे वेगवेगळे टिपून एकावर एक बसवता आले.

आणि जिथे प्रतिकृतीही पुरेना तिथे रंगवलेला पडदाच कामी आला. काचेवर चित्र रंगवायचे, नटांसाठी जागा मोकळी सोडायची आणि तिथे प्रत्यक्ष चित्रण बसवायचे, अशी ती पद्धत. ॲलेक गिनेस एका अरुंद कठड्यावर उभे राहून खोल विवराच्या काठाने सरकतात तो प्रसंग थांबवून पाहा. ती खोली हॅरिसन एलेनशॉ यांच्या कुंचल्याची आहे. नाटकाच्या पडद्यासमोर उभ्या राहणाऱ्या गायक नटाला जी जागा दाखवली जात असे, तीच ही जागा आहे असे मला वाटते, आणि ती दिसली की पुढच्या काळातील संगणकी सैन्याच्या रांगा फिक्या पडतात.

संपादनाचाही उल्लेख हवा. पहिले संकलन लुकस यांना पसंत पडले नाही, म्हणून रिचर्ड च्यू, पॉल हर्श आणि मार्शिया लुकस यांनी चित्रपट नव्याने बांधला आणि त्या कामासाठी तिघांना ऑस्कर मिळाले. विशेष दृश्ये तयार होईपर्यंत शेवटच्या हवाई लढाईच्या जागी दुसऱ्या महायुद्धातील विमानयुद्धाचे तुकडे जोडून लय पक्की करण्यात आली होती. ती लय आजच्या साहसपटांत शोधूनही सापडत नाही. 'रोग वन' तिसरा असावा हे मात्र मला पूर्णपणे मान्य आहे.

कानसेन (ताराबाई पार्क)

दोन्ही उत्तरे डोळ्यांच्या बाजूने लिहिली आहेत, म्हणून कानांच्या वतीने थोडे लिहितो. प्रकाश-तलवारीचा गुणगुणणारा आवाज बेन बर्ट यांनी जुन्या प्रोजेक्टरच्या मोटारीची घरघर आणि दूरचित्रवाणी संचाचा गुंजारव एकत्र करून घडवला. शत्रूच्या लढाऊ यानांची किंकाळी हत्तीच्या आवाजात ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज मिसळून तयार केली आहे. आपल्या गटातील ज्यांनी एकपडदा चित्रपटगृहात बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसून प्रोजेक्टरची घरघर ऐकली आहे, त्यांना तलवारीचा आवाज ओळखीचा का वाटतो हे यावरून उमगेल.

या कसोटीवर 'द फँटम मेनेस' आठव्या क्रमांकावर टाकणे अन्यायाचे आहे. व्यापारी मार्गांवरील करांचा वाद आणि एका विदूषकी पात्राचा धुडगूस यांमुळे १९९९ चा हा चित्रपट बदनाम झाला आणि ती बदनामी बऱ्याच अंशी योग्यही आहे. परंतु शेवटच्या तिहेरी द्वंद्वासाठी जॉन विल्यम्स यांनी रचलेले समूहगान ऐकावे. एका प्राचीन वेल्श कवितेतील ओळींचे संस्कृतात रूपांतर करून ते शब्द गायकवृंदाला दिले आहेत. अर्थ लावण्याचा प्रयत्न केल्यास निराशा होईल, कारण अक्षरे नादासाठी मोडून वापरली आहेत. पण आपल्या कानाला त्यातली लकब जाणवते. पूर्ण चित्रपट दाखवू नका, शेवटची वीस-पंचवीस मिनिटे दाखवा.

'द लास्ट जेडाय'ही मी चौथ्या स्थानी आणीन. २०१७ च्या या चित्रपटात रायन जॉन्सन यांनी एका विध्वंसाच्या क्षणी आवाज पूर्णपणे काढून घेतला आहे. ती शांतता इतकी अनपेक्षित होती की अमेरिकेतील काही चित्रपटगृहांना ध्वनियंत्रणा बिघडलेली नाही अशी सूचना लावावी लागली. मध्यंतरीचे जुगारनगरीचे उपकथानक लांबले आहे. तेवढ्या वेळात चहा करून घ्यावा.

पडद्यामागचा (शाहूपुरी)

रंगपेटी यांचा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. 'एम्पायर' पहिल्या कसोटीत कमी पडतो, परंतु दुसरी कसोटी मी अधिक वजनाची मानतो. १९७७ च्या चित्रपटात नायकाची मोठी हानी शेवटच्या लढाईआधीच होऊन जाते आणि त्यानंतर त्याला पदकच मिळते. विजयाचा आनंद देणे सोपे नाही हे खरे. पण हरलेल्या माणसांना खिडकीपाशी उभे करून प्रेक्षकाला घरी पाठवणे त्याहून अवघड आहे, आणि ते कर्शनर यांनी साधले. क्रमांक बदलणार नाही.

आता क्रमाविषयी. प्रदर्शनाचाच क्रम ठेवावा. कथेतील काळानुसार १९९९ च्या भागापासून सुरुवात केली तर १९८० चे रहस्य रहस्यच राहत नाही. 'रोग वन'ची कथा मूळ चित्रपटाच्या अगदी काही क्षण आधी संपते, त्यामुळे तो आधी दाखवण्याचा मोह होतो. पण तो प्रेक्षकाला पुढचे माहीत आहे असे धरूनच रचलेला आहे.

एक व्यावहारिक अडचण लक्षात घ्यावी. लुकस यांनी १९९७ मध्ये मूळ तिन्ही चित्रपटांच्या सुधारित आवृत्त्या काढल्या आणि २००४ च्या डीव्हीडीसाठी पुन्हा बदल केले. आज सहज मिळते ती ही बदललेली प्रत. 'रिटर्न ऑफ द जेडाय'च्या अखेरच्या प्रसंगात २००४ पासून एका नटाच्या जागी दुसरा, तरुण नट दिसतो, जो नंतरच्या काळात काढलेल्या भागांतला आहे. ते भाग न पाहिलेला माणूस हा कोण आला असे विचारणारच.

रविवारचा_पडदा (राजारामपुरी, कोल्हापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चेनंतर मूळ चित्रपट, 'एम्पायर', 'रिव्हेंज ऑफ द सिथ', 'रिटर्न ऑफ द जेडाय' आणि शेवटी 'रोग वन' असा क्रम ठरवत आहे. 'सिथ' मध्ये घातल्यामुळे प्रदर्शनाचा क्रम मोडतो, याची जाणीव आहे. परंतु १९८० चे रहस्य तोवर खुले झालेले असेल, आणि त्या तरुण नटाची ओळखही होऊन जाईल. कानसेन यांनी सुचवलेले द्वंद्व 'सिथ'च्या बैठकीच्या आरंभी दाखवू. 'द लास्ट जेडाय'ला या वेळी जागा उरत नाही, याचे वाईट वाटते. शिक्षक मंडळींना वेगवान इंग्रजी संवाद समजणे अवघड जाईल. त्यावर कोणी उपाय सुचवील काय?

रंगपेटी (मंगळवार पेठ)

हिंदी ध्वनिमुद्रित प्रत शोधण्यापेक्षा इंग्रजी उपशीर्षके मोठ्या अक्षरांत लावून मूळ आवाज ठेवावा. खलनायक डार्थ वेडरला लाभलेल्या जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजाला पर्याय नाही. 'रोग वन' सोडून आपल्या यादीतील प्रत्येक चित्रपट सरकत्या मजकुराने सुरू होतो आणि तो वाचायला वेळ कमी मिळतो, म्हणून तेवढ्या परिच्छेदांचे मराठी रूप आपल्या महाविद्यालयीन मुलांकडून आधी करवून घ्यावे आणि दिवे मालवण्यापूर्वी एकाने ते वाचून दाखवावे. यंत्रमानव आर-टू-डी-टू याचे संवाद कोणालाच कळत नाहीत, तेव्हा त्याची चिंता नसावी.